परत फिरण्याची मुभा

२९ मे २०२५ रोजी ‘तारिणी’ ही भारतीय नौदलाची शिडाची नौका गोव्यास परतली. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघी अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहूनच निघाल्या होत्या. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन या चार बंदरांत विसावा घेत, सुमारे पंचवीस हजार सागरी मैल केवळ वाऱ्याच्या बळावर कापून त्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. संरक्षणमंत्र्यांनी त्यांचे स्वागत केले. धैर्य, जिद्द, चिकाटी या शब्दांचा यथोचित वर्षाव झाला. तो अस्थानी होता असे कोणीही म्हणणार नाही. तथापि अशा प्रसंगी एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. या दोघी वाटेतूनच परत फिरल्या असत्या तर काय झाले असते?

याचे प्रामाणिक उत्तर असे की, फारसे काही झाले नसते. हळहळ वाटली असती, वृत्तपत्रांनी चार ओळींत ती व्यक्त केली असती, आणि पुढील वर्षी पुन्हा प्रयत्न झाला असता. नौका नौदलाची, वेतन चालू, घरावर जप्ती येण्याचा प्रश्न नाही. असे म्हटल्याने त्यांच्या पराक्रमाला उणेपणा येतो असे कोणास वाटेल. वस्तुत: दीर्घ सागरप्रवास कोण पुरा करतो आणि कोण करीत नाही, याचे मर्म पुष्कळदा याच गोष्टीत सापडते. त्याचा पडताळा पाहावयाचा तर १९६८-६९ सालच्या एका शर्यतीकडे वळले पाहिजे. त्या शर्यतीत नऊ नौका निघाल्या आणि एकच परतली. ती परतलेली नौका मुंबईत बांधलेली होती, ही गोष्ट आज मुंबईतही फारशी कोणाला ठाऊक नाही.

१९६६-६७ मध्ये फ्रान्सिस चिचेस्टर या वृद्ध इंग्रजाने केवळ सिडनी येथे थांबून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा ब्रिटनमध्ये उत्साहाचे उधाण आले होते. त्याच्या पाठीशी ‘संडे टाइम्स’ हे वृत्तपत्र होते आणि त्या वृत्तपत्रास या प्रकरणाचा लाभही चांगला झाला. आता उरला होता तो कोठेही न थांबता केलेला प्रवास. अनेक जण त्याची तयारी करीत आहेत असे दिसताच मार्च १९६८ मध्ये ‘संडे टाइम्स’ने शर्यत जाहीर केली. १ जून ते ३१ ऑक्टोबर या काळात केव्हाही निघावे. एकट्याने, कोणाची मदत न घेता, कोणत्याही बंदरात न थांबता तिन्ही महाभूशिरांना वळसा घालून परतावे. प्रथम परतणाऱ्यास सोनेरी गोलकाचे मानचिन्ह, सर्वांत कमी दिवसांत परतणाऱ्यास पाच हजार पौंड. नाव नोंदविण्याची अट नव्हती. नौका समुद्रास योग्य आहे की नाही, माणसास शीड सांभाळता येते की नाही, याची परीक्षाही नव्हती. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर पाच हजार पौंडांत वर्षभर पुरेल इतकी बातमी विकत घेतली गेली, आणि जोखीम मात्र सगळीच्या सगळी दुसऱ्यांच्या पदरात टाकण्यात आली.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटींवरील एकोणतीस वर्षांचा अधिकारी. मुंबई आणि इराणचे आखात यांच्या दरम्यान त्याचा वावर. याच काळात त्याने मुंबईत एक नौका बांधावयास घेतली. इंग्लंडहून मागविला होता एक आराखडा आणि हाती पडला दुसराच, जुन्या वळणाचा: नॉर्वेतील जीवरक्षक नौकांवरून विल्यम ॲटकिन या अमेरिकनाने १९२० च्या दशकात तयार केलेला. बदलून मागविण्यात वेळ दवडण्यापेक्षा हाच बरा, असे ठरले. लांबी जेमतेम बत्तीस फूट, डोलकाठ्या दोन, लाकूड सागवानी. मुंबईच्या सुतारांनी वाकसाने तासून, कमानीने फिरवावयाच्या सामत्याने भोके पाडून ती उभी केली. विजेच्या हत्यारांनी महिन्यात उरकले असते त्या कामाला कितीतरी अधिक काळ लागला. १९ डिसेंबर १९६४ रोजी नारळ वाढवून तिला पाण्यात सोडण्यात आले. आखातातील आग्नेय वाऱ्याला अरब खलाशी ज्या नावाने ओळखतात ते ‘सुहैली’ हे नाव तिला मिळाले.

या सुतारांच्या हातात जी विद्या होती ती काही काल-परवाची नव्हती. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांपासून अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या गोदीत जी जहाजे बांधली गेली, त्यांची कीर्ती ब्रिटिश आरमारात दुमदुमत होती. मलबारी साग वाळवीला आणि कुजण्याला दाद देत नाही. ओकच्या लाकडाप्रमाणे लोखंडी खिळ्यांना खाऊन टाकत नाही. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. (याच गोदीत १८१३ साली बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ मध्ये चीनकडून नानकिंगचा तह लिहून घेण्यात आला. कसबी हातांनी घडविलेली वस्तू कोणत्या कामाला जुंपली जावी, हे हातांना कोण विचारतो?) वाडियांची नावे इतिहासात राहिली, आणि ती राहावयास हवीतच. त्यांच्या हाताखाली वाकस चालविणाऱ्यांची नावे राहिली नाहीत. ‘सुहैली’च्या बाबतीतही काही निराळे घडलेले नाही. ‘एकट्याने’ केलेल्या या प्रवासात त्या नौकेची प्रत्येक फळी कोणा ना कोणा मुंबईकराच्या हातची होती.

नौका पुरी होईतो मालकाची गंगाजळी आटली होती. १९६५ च्या अखेरीस भाऊ व एक मित्र यांच्यासह त्याने मुंबई सोडली. वाटेत दक्षिण आफ्रिकेत थांबून नोकरी करावी लागली. १९६७ मध्ये नौका लंडनला पोहोचली. शर्यतीच्या वेळी त्याला वास्तविक हवी होती मोठी पोलादी नौका. त्यासाठी ‘सुहैली’ विकावयासही तो सिद्ध होता. त्याने अनेक कंपन्यांचे दरवाजे ठोठावले. कोणी उघडला नाही. तेव्हा आहे त्याच नौकेतून जावयाचे ठरले. त्या काळच्या जाणकारांच्या लेखी ही नौका लहान, संथ आणि कालबाह्य होती. पण ती त्याची स्वत:ची होती. एका प्रकाशकाशी व एका वृत्तपत्राशी करार त्यानेही केले होते, हे खरे. परंतु मध्येच परतला असता तर ‘सुहैली’ त्याच्याकडून कोणी हिरावून घेणार नव्हते.

१४ जून १९६८ रोजी फाल्मथहून तो निघाला. केप व्हर्द बेटांच्या परिसरात पोहोचतो तोच नौकेत पाणी येऊ लागले. तळाशी कण्यालगतचा सांधा उघडला होता. हातांनी बांधलेली वस्तू निर्दोष असते असे नव्हे. ती दुरुस्त करता येते, एवढेच. भर समुद्रात पाण्याखाली बुडी मारून त्याने त्या फटीत कापूस ठासला, वर कॅनव्हासची पट्टी आणि तांब्याचा पत्रा ठोकला. मध्येच एक शार्क घिरट्या घालू लागला, त्याला गोळी घालावी लागली. सप्टेंबरात दक्षिण महासागरात एका लाटेने नौका आडवी केली. पिण्याच्या पाण्याच्या टाक्या बिघडल्या आणि पुढील सारा प्रवास शिडावरून निथळणारे पावसाचे पाणी साठवून करावा लागला. रेडिओ मुका झाला. ऑस्ट्रेलिया गाठेपर्यंत वाऱ्यावर सुकाणू सांभाळणारी यंत्रणा मोडून पडली. न्यूझीलंड मागे टाकल्यावर साडेचार महिने त्याचा ठावठिकाणा कोणालाही नव्हता. एप्रिल १९६९ मध्ये अझोर्स बेटांजवळ एका तेलवाहू जहाजाला तो दिसला, आणि २२ एप्रिलला, ३१२ दिवसांनी, ‘सुहैली’ फाल्मथला आली. जकात अधिकाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे विचारले, कोठून आलात? उत्तर होते, फाल्मथहून.

या कथेचा दुसरा नायक डोनाल्ड क्रोहर्स्ट. नायक हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे. नौकानयनाची इलेक्ट्रॉनिक उपकरणे बनविणारा हा एक हुशार, बोलका, चार मुलांचा बाप. धंदा डबघाईला आलेला. ज्या व्यापाऱ्याने त्याच्या धंद्यात पैसा घातला होता तो आपली रक्कम मागू लागला. क्रोहर्स्टने त्यालाच पटविले की, नवी तीन सांगाड्यांची वेगवान नौका बांधण्यास पैसा दिला तर शर्यत जिंकता येईल, उपकरणांची जाहिरात होईल आणि जुने पैसेही निघतील. करार झाला. त्यात एक कलम असे होते की, शर्यत पुरी न झाल्यास क्रोहर्स्टने ती नौका स्वत: विकत घ्यावी. घराचेही दुसरे गहाणखत झाले होते. म्हणजे परत फिरणे याचा अर्थ दिवाळे. तो व्यापारी काही दुष्ट नव्हता. कोणताही सावकार, कोणतीही बँक मागते तेवढेच तारण त्याने मागितले. करार कायदेशीर होता, आणि त्यातच या प्रकरणाची खरी भयानकता आहे.

नौकेचे बांधकाम घाईघाईने चालले आणि तरी उशीर झाला. मुदतीच्या अखेरच्या दिवशी, ३१ ऑक्टोबर १९६८ रोजी, क्रोहर्स्ट टेनमथहून निघाला तेव्हा अर्धे काम बाकी होते. सांगाड्यांत शिरणारे पाणी उपसण्यासाठी लागणारी नळीसुद्धा किनाऱ्यावर राहून गेली. दोन आठवड्यांतच त्याला वस्तुस्थिती कळून चुकली. नोव्हेंबरच्या मध्यास त्याने आपल्या नोंदवहीत हिशेब मांडला आहे: पुढे गेल्यास जगण्याची शक्यता किती, मागे फिरल्यास काय काय हातचे जाईल. तो हिशेब वाचताना कोणाही विचारी माणसाचे मन विषण्ण होईल. समुद्राच्या बाजूने पाहता उत्तर स्वच्छ होते. तारणाच्या बाजूने पाहता तेवढेच स्वच्छ, परंतु नेमके उलटे. पुढे जाता येत नाही आणि मागे फिरता येत नाही, अशा माणसाला तिसरा मार्ग दिसला तो खोट्या नोंदींचा. डिसेंबरात त्याने एका दिवसात २४३ मैल कापल्याचे कळविले. वृत्तपत्रांनी त्याचा गाजावाजा केला. प्रत्यक्षात तो अटलांटिक महासागर सोडून कधी गेलाच नाही. मार्च १९६९ मध्ये तर दुरुस्तीसाठी तो गुपचूप अर्जेंटिनाच्या किनाऱ्याला लागला होता.

त्याने मनाशी योजिले होते ते असे की, शेवटच्या क्रमांकाने परतावे, म्हणजे त्याच्या नोंदवह्या कोणी बारकाईने तपासणार नाही. पण खोट्या बातमीचा परिणाम खऱ्या माणसावर झाला. नायजेल टेटली हा नौदलातील अधिकारी पृथ्वीप्रदक्षिणा जवळजवळ पुरी करून इंग्लंडकडे येत होता. क्रोहर्स्ट पाठीवर आहे या समजुतीने त्याने आपली झिजलेली नौका सोसणार नाही इतकी पळविली आणि २१ मे १९६९ रोजी, घर सुमारे अकराशे सागरी मैलांवर असताना, ती त्याच्या पायांखाली बुडाली. टेटली वाचला. मात्र आता सर्वांत कमी दिवसांत परतण्याचा मान क्रोहर्स्टकडेच येणार हे निश्चित झाले, आणि सत्कारापाठोपाठ तपासणीही. त्याची अखेरची नोंद १ जुलैची आहे. १० जुलै रोजी एका टपालवाहू जहाजाला त्याची नौका शीड उभारलेली, निर्मनुष्य अशी आढळली. वहीत खऱ्या आणि खोट्या अशा दोन्ही नोंदी तशाच होत्या. खोट्या तेवढ्या ठेवून खऱ्या फेकून देणे त्याला अवघड नव्हते. ते त्याने केले नाही.

एवढे झाल्यावर पाच हजार पौंडही परतलेल्या एकट्या नॉक्स-जॉन्स्टनकडेच आले. ती संपूर्ण रक्कम त्याने क्रोहर्स्टच्या पत्नीला व मुलांना देऊन टाकली. क्रोहर्स्टला लबाड म्हणणारे तेव्हाही पुष्कळ होते आणि आजही आहेत. ज्याची फसवणूक झाली असे म्हणावयाचे त्या प्रतिस्पर्ध्याने मात्र त्याचा निराळा अर्थ लावला.

शर्यतीतील आणखी एका नावाचा उल्लेख केला पाहिजे. बर्नार्ड म्वातेस्ये या फ्रेंच नाविकाने हॉर्न भूशिराला वळसा घातला, विजय दृष्टिपथात आणला आणि मग इंग्लंडकडे न वळता पुन्हा केप ऑफ गुड होप ओलांडून तो थेट ताहितीला गेला. त्याचे पुष्कळ गुणगान झाले आहे, कधी कधी भाबडेपणाने. पण शर्यत सोडून देणे त्याला शक्य झाले याचे एक व्यावहारिक कारण हेही होते की, त्याची पोलादी नौका त्याच्याच मालकीची होती.

यावर असा आक्षेप येईल की, परत फिरण्याची वाट मोकळी ठेवली तर पराक्रम घडणारच नाहीत. दोर कापून टाकल्याशिवाय माणूस लढत नाही. सिंहगडावरील सूर्याजी मालुसऱ्यांची गोष्ट सांगून मराठी मनाला हे चटकन पटविता येते. गडावरच्या त्या रात्री तो उपाय योग्य असेलही. पण महासागरात शत्रू नसतो, आणि दोर कापण्याचे काम सूर्याजींऐवजी तारणपत्र करीत असेल तर लढणाऱ्याचे काय होते ते वर आलेच आहे. उलट बाजूचा पुरावाही याच शर्यतीत आहे. चे ब्लाइथ या तरुणाला निघाला तेव्हा शीड चालविण्याचा अनुभव जवळजवळ नव्हता. दक्षिण आफ्रिकेपर्यंत जाऊन त्याने मुकाट्याने माघार घेतली. दोन वर्षांनी तोच पुन्हा निघाला, या वेळी पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे दक्षिण महासागरातील वाऱ्यांच्या विरुद्ध. ऑगस्ट १९७१ मध्ये, २९२ दिवसांनी, त्याने ती प्रदक्षिणा न थांबता पुरी केली. तसे करणारा तो पहिलाच. त्याच्या नौकेचा खर्च ब्रिटिश स्टील या त्या वेळच्या सरकारी महामंडळाने उचलला होता. १९६८ साली ब्लाइथला परत फिरता आले नसते तर १९७१ सालचा विक्रम झाला नसता.

जगातील पहिली एकट्याने केलेली प्रदक्षिणा अमेरिकेच्या जोशुआ स्लोकमची, १८९५ ते १८९८. शेतात पडलेला एक जुना सांगाडा त्याने स्वत:च्या हातांनी नवा केला. हा माणूस हिशेबी होता. सामानाचा खर्च त्याने लिहून ठेवला आहे: ५५३ डॉलर ६२ सेंट, आणि स्वत:चे तेरा महिन्यांचे श्रम. श्रमाची किंमत वेगळी लिहिली नाही, पण श्रम लिहिले. पुढील शंभर वर्षांत नौकांचे हिशेब प्रचंड वाढले; हा रकाना मात्र बहुधा कोराच राहिला.

भारतातील प्रयत्नांकडे या दृष्टीने पाहिले तर काही समाधानाच्या गोष्टी दिसतात. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या कल्पनेतून नौदलाने ‘सागर परिक्रमा’ हा उपक्रम हाती घेतला. गोव्यात, मांडवीच्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या लहानशा कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली गेली. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये चार थांबे घेऊन एकट्याने प्रदक्षिणा पुरी केली. तसे करणारे ते पहिले भारतीय. त्यांना साहाय्य करणारे अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबई सोडली आणि कोठेही न थांबता मार्च २०१३ च्या अखेरीस ते मुंबईस परतले. नाविकाइतकेच नौका बांधणाऱ्याचे नावही या प्रवासांच्या बाबतीत लोकांपर्यंत पोहोचले, ही ‘सुहैली’च्या तुलनेत निश्चितच पुढची पायरी आहे. दांडेकरांच्या हाताखालील कामगारांपर्यंत ती अद्याप पोहोचलेली नाही.

२०१८ साली जुन्या शर्यतीच्या पन्नाशीनिमित्त तिची पुनरावृत्ती झाली. तेव्हा टॉमी यांनी घेतलेली ‘थुरिया’ ही ‘सुहैली’चीच प्रतिकृती होती आणि ती गोव्यात दांडेकरांच्याच कारखान्यात तयार झाली होती. २१ सप्टेंबर २०१८ रोजी हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने तिच्या डोलकाठ्या मोडल्या. टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. तीन दिवस त्यांना हालचाल करणे दुरापास्त होते. अखेर ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. नौका गेली, शर्यत गेली, माणूस राहिला. नौदलाची सेवा सोडल्यानंतर ते २०२२ च्या शर्यतीत पुन्हा उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसऱ्या क्रमांकाने परतले. पहिला क्रमांक दोनच दिवस आधी आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर यांचा. पहिली शर्यत झाली तेव्हा नऊ जणांत एकही स्त्री नव्हती.

‘सुहैली’ला १९९७ मध्ये ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात नेऊन ठेवण्यात आले. तेथील कोरड्या हवेत तिच्या सागवानी फळ्या आकसू लागल्या. तेव्हा २००२ मध्ये तिला बाहेर काढण्यात आले. दीर्घ काळ दुरुस्ती चालली आणि ती पुन्हा पाण्यात उतरली. १४ जून २०१८ रोजी, पहिल्या प्रवासाला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, ती फाल्मथच्या बंदरात शीड उभारून चालत होती.